अगत्ती ते पोर्ट ब्लेअर : हवाई अंतर समजले, पण प्रवासाचा वेळ कोणता धरावा?

खानापूरची शिक्षिका (विटा, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल आणि गणित शिकवते. आमच्या भागातील असंख्य कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाई (सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायामुळे केरळ आणि तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत पांगलेली आहेत. त्यामुळे नकाशावरची दूरची गावे आमच्या मुलांना केवळ पुस्तकातून माहीत नसतात. कुठे कोणाचा मामा असतो, कुठे कोणाचे वडील. माझा प्रश्नही अशाच एका ओळखीतून निघाला आहे.

दहावीच्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांचे दुकान कोचीत आहे आणि गेल्या दिवाळीच्या सुटीत ती त्यांच्याबरोबर लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर जाऊन आली. त्याच वर्गातील एका मुलाचा थोरला भाऊ नौदलात असून सध्या पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासून ज्या शहराचे अधिकृत नाव श्री विजय पुरम झाले आहे तिथे, नेमणुकीवर आहे. दोघांचे बोलणे चालले असताना मुलीने विचारले, "मी अगत्तीहून सरळ तुझ्या भावाकडे निघाले, तर विमानाला किती वेळ लागेल?" मुलाला उत्तर देता आले नाही आणि प्रश्न माझ्याकडे आला. मी तो वर्गासमोर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तीन उत्तरे आली, जी एकमेकांशी जुळत नाहीत.

अंतर मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन विमानतळांतील अंतर २,२४३ किलोमीटर आणि वेळ २ तास ४२ मिनिटे दाखवली आहे. तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर अंतर २,२४६ किलोमीटर आहे, म्हणजे फरक केवळ तीन किलोमीटरचा, परंतु वेळ मात्र ३ तास १२ मिनिटे आहे. तिसरे उत्तर एका मुलाने स्वतः काढले. त्याने दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांतील फरक घेतला, एका अंशाला चार मिनिटे या नियमाने ८२ मिनिटे काढली आणि असे सांगितले की पूर्वेकडे जाताना घड्याळ तेवढे पुढे जाते, म्हणून प्रवासाच्या वेळेत ती मिनिटे मिळवली पाहिजेत.

त्याचे उत्तर चुकले आहे हे मला कळते, पण त्याच्या विचारात काहीतरी खरेही आहे आणि ते नेमके वेगळे करून दाखवता आल्याशिवाय त्याला चूक म्हणून बसवावे असे मला वाटत नाही. अंतरात तीन किलोमीटरचा फरक का पडतो, वेळेत अर्ध्या तासाचा फरक का पडतो, आणि मुलीच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर कोणते द्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. शक्य असल्यास आकडेमोड अशी असावी की मुले ती फळ्यावर स्वतः करू शकतील.

निवृत्त वायुसैनिक (कराड, जि. सातारा)

ताई, आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी भारतीय वायुदलात मालवाहू विमानांवर तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षे काम केले आहे. वैमानिक नव्हतो, पण अंतर, इंधन आणि धावपट्टी या तीन गोष्टींचा हिशोब रोज डोळ्यांसमोर होत असे. त्याच क्रमाने सांगतो.

आधी अंतर. अगत्तीचा विमानतळ साधारण १०.८२ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.१८ अंश पूर्व रेखांशावर आहे. पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११.६४ अंश उत्तर आणि ९२.७३ अंश पूर्व या ठिकाणी आहे. रेखांशांतील फरक २०.५५ अंश आणि अक्षांशांतील फरक ०.८२ अंश झाला. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, पण आपण जसजसे उत्तरेकडे सरकतो तसतशी रेखावृत्ते जवळ येत जातात, म्हणून त्या संख्येला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. दोन्ही ठिकाणांचा सरासरी अक्षांश सुमारे ११.२ अंश, त्याचे कोसाइन ०.९८१, म्हणजे तिथे एक अंश १०९.१ किलोमीटरचा होतो. २०.५५ ला १०९.१ ने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर २,२४२ किलोमीटर येते. उत्तर-दक्षिण अंतर ०.८२ गुणिले १११.२, म्हणजे ९१ किलोमीटर. आता हा काटकोन त्रिकोण समजून पायथागोरसचा नियम लावला की कर्ण सुमारे २,२४४ किलोमीटर येतो. दहावीच्या मुलाला त्रिकोणमिती आणि पायथागोरस दोन्ही ठाऊक असतात, त्यामुळे हे सारे एका फळ्यावर मावते.

संकेतस्थळ मात्र हा सोपा रस्ता वापरत नाही. ते बृहद्वृत्तावरचे अंतर काढते. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर जी रेषा आखली जाते ती दोन ठिकाणांमधली सर्वांत आखूड वाट असते, आणि ही वाट अक्षवृत्ताला धरून जात नाही. आपल्या उदाहरणात ती मध्यभागी उत्तरेकडे सुमारे वीस किलोमीटर फुगलेली आहे. अगत्तीहून निघून ती केरळच्या किनाऱ्यावर कोझिकोडच्या दक्षिणेला, मलप्पुरमच्या बाजूने आत शिरते, कोइम्बतूरच्या थोडी उत्तरेकडून जाते आणि चिदंबरमच्या आसपास बंगालच्या उपसागरात उतरते. आपल्या गलाईवाल्या कुटुंबांपैकी कितीतरी जण याच पट्ट्यात राहत असतील, तेव्हा मुलांना ही रेषा नकाशावर अवश्य आखायला लावा.

वीस किलोमीटर फुगूनही या वाटेने अंतर वाचते ते जेमतेम अर्धा किलोमीटर. विषुववृत्ताजवळ असेच होते. हीच गोष्ट आइसलँड आणि जपान या दोन द्वीपदेशांच्या बाबतीत पाहिली, तर आखूड वाट चक्क आर्क्टिक महासागरावरून जाते आणि अक्षवृत्तावरची वाट तिच्यापुढे फारच लांब पडते. म्हणून पायथागोरसची रीत अगत्ती आणि पोर्ट ब्लेअरला चालली, याचा अर्थ ती सगळीकडे चालेल असा मुलांनी घेऊ नये.

राहिला २,२४३ आणि २,२४६ मधला फरक. पहिले संकेतस्थळ पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल मानते. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७ किलोमीटर आहे. आपली वाट विषुववृत्ताच्या जवळ आणि जवळजवळ पूर्व-पश्चिम असल्यामुळे तिला मोठी त्रिज्या लागू पडते आणि अंतर तीन किलोमीटरने वाढते. दुसऱ्या संकेतस्थळाने हा चपटेपणा धरला आहे. म्हणजे दोन्ही बरोबर आहेत, दुसरे अधिक काटेकोर आहे.

आता वेळ. २,२४३ ला ताशी ८३० किलोमीटर वेगाने भागून पाहा. २ तास ४२ मिनिटे येतात. दुसऱ्या संकेतस्थळाने तोच भागाकार केला आहे आणि वर सरसकट अर्धा तास मिळवला आहे. हा अर्धा तास विमान धावपट्टीपर्यंत नेणे, उड्डाण, उंची गाठणे, उतरण्यासाठी वेग कमी करणे आणि पुन्हा थांब्यापर्यंत येणे यासाठी असतो. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात जो वेळ छापतात तो चाकांपुढचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. तेव्हा दोनपैकी एक वेळ धरायचा असेल तर ३ तास १२ मिनिटे हा प्रवाशाच्या अनुभवाला जवळचा आहे. त्यातही वारा धरलेला नाही. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीमागून असेल तर हवेतले २ तास ४२ मिनिटांचे २ तास ३३ होतात, समोरून असेल तर २ तास ५२. पावसाळ्यात दक्षिण भारतावर फार उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञांनी त्याचा सविस्तर अभ्यास करून १९५८ साली तो मांडला. त्याचा गाभा १४ ते १६ किलोमीटर उंचीवर असतो आणि प्रवासी विमाने त्याच्या खाली उडतात, तरी त्याचा काही भाग त्यांना लागतोच. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरकडे जाताना वारा विरुद्ध आणि परतताना सोबतीला, असे साधारण चित्र राहते.

इथपर्यंत सगळे गणित आहे. परंतु त्या मुलीला खरे उत्तर द्यायचे तर एक गोष्ट सांगावीच लागेल, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. ताशी ८३० किलोमीटरने उडणारे मोठे प्रवासी जेट विमान अगत्तीच्या धावपट्टीवर उतरूच शकत नाही. ती धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांबीची आहे. आमच्या कराडची धावपट्टीही जवळपास तेवढीच, जी अनेकांनी पाहिली असेल. एअरबस ए३२० सारख्या भरलेल्या विमानाला उड्डाणासाठी दोन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी सव्वातीन किलोमीटरच्या घरात आहे, तिथे अडचण नाही. अगत्तीला जे विमान जाते ते पंख्याचे एटीआर ७२. ते आखूड धावपट्टीवर उतरते, पण त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि पूर्ण प्रवासी घेऊन त्याची झेप सुमारे चौदाशे किलोमीटरपर्यंतच जाते. २,२४३ किलोमीटर त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. शिवाय बेटावरच्या विमानतळाला शेजारी पर्यायी विमानतळ नसतो. हवामान बिघडले तर मुख्य भूमीकडे परतता येईल एवढे इंधन जवळ ठेवावे लागते, आणि जेवढे इंधन अधिक तेवढी माणसे आणि सामान कमी.

म्हणजे जे विमान अगत्तीला उतरते ते एवढ्या लांब उडत नाही, आणि जे एवढ्या लांब उडते ते अगत्तीला उतरत नाही. छोटी खासगी टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची, विमाने आखूड धावपट्टीवरून उठून एवढा पल्ला गाठू शकतात, हे खरे. पण त्यांचाही वेग ताशी पाचशेच्या आसपास असल्याने त्यांना साडेचार तास लागतील. संकेतस्थळावरचे २,२४३ किलोमीटर खरे आहेत. २ तास ४२ मिनिटे मात्र अशा विमानाची आहेत, जे या दोन धावपट्ट्यांदरम्यान उडूच शकत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

वरील विवेचन उत्तम आहे. सरसकट अर्धा तास मिळवण्याच्या पद्धतीबद्दल मला एक भर घालायची आहे, कारण ती लांब पल्ल्याला शोभते, जवळच्या पल्ल्याला नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन बेटे आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर २.७ किलोमीटर असून तिथे नियमित विमानसेवा आहे. ती जगातील सर्वांत छोटी नियमित विमानसेवा मानली जाते. ८३० ने भागणाऱ्या संकेतस्थळाच्या हिशोबाने हा प्रवास १२ सेकंदांचा ठरेल आणि अर्धा तास मिळवणाऱ्याच्या हिशोबाने ३० मिनिटे १२ सेकंदांचा. प्रत्यक्षात ते छोटे विमान दीड-दोन मिनिटांत पलीकडे उतरते. दोन्ही सूत्रे इथे चुकतात, कारण दोन्हींनी विमान कोणते हे विचारलेच नाही. मुलांना हे उदाहरण द्यावे, त्यांच्या लक्षात राहील.

कोचीचा गलाईवाला (मूळ गाव आटपाडी तालुका)

बाई, नमस्कार. मी गेली एकोणीस वर्षे कोचीत आहे आणि आपला प्रश्न माझ्या एका मित्राने मला पाठवला. मी अगत्तीला दोनदा आणि पोर्ट ब्लेअरला एकदा गेलो आहे, एकाच प्रवासात नव्हे, पण दोन्ही वाटा पायाखालच्या आहेत. निवृत्त वायुसैनिक सरांनी सांगितले तेच मी प्रवाशाच्या बाजूने सांगतो.

कोची ते अगत्ती हवाई अंतर साधारण ४६५ किलोमीटर आहे आणि एटीआरला दीड तासाच्या आत-बाहेर लागतो. उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसते आणि धावपट्टी कुठे आहे असे वाटत असतानाच चाके टेकतात. बेटाच्या निमुळत्या टोकाला धावपट्टी बसवली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे. सामानाच्या वजनावर बारीक लक्ष असते. पहिल्या वेळी मला ते जाचक वाटले होते, आज वर वाचून त्याचे कारण समजले.

आता अगत्तीहून पोर्ट ब्लेअरला जायचे तर कोचीला यावे, तिथून चेन्नईला आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला. कोची ते चेन्नई अंतर सुमारे ५२० किलोमीटर, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,३७० किलोमीटर. तिन्ही टप्पे मिळवले तर २,३५५ किलोमीटर होतात. म्हणजे सरळ रेषेपेक्षा केवळ ११० किलोमीटर जास्त, विट्याहून कोल्हापूरला जाऊन थोडे पुढे गेल्यासारखे. २०२४ पासून बंगळुरू आणि गोव्याहूनही अगत्तीची विमाने सुरू झाली आहेत. बंगळुरूमार्गे गेले तर अगत्ती ते बंगळुरू सुमारे ६५७ आणि बंगळुरू ते पोर्ट ब्लेअर सुमारे १,६४० किलोमीटर, एकूण २,३०० च्या आतच. सरळ वाटेपेक्षा ही वाट अवघी पन्नास-पंचावन्न किलोमीटर लांब आहे.

अंतर वाढले नाही, पण वेळ पाहा. चेन्नईमार्गे हवेतला वेळ दीड तास, सव्वा तास आणि सव्वादोन तास धरला तरी पाच तास होतात. त्यात प्रत्येक ठिकाणी उतरणे, सामान घेणे, पुन्हा तपासणी आणि पुढच्या विमानाची वाट पाहणे आले. बंगळुरूमार्गे एक टप्पा वाचतो, पण वेळा जुळल्या पाहिजेत, आणि बेटांची वेळापत्रके ऋतूप्रमाणे बदलत असतात. माझ्या अनुभवाने एक रात्र मुख्य भूमीवर काढायची तयारी ठेवूनच निघावे. दुसऱ्या खेपेस पावसामुळे आमचे अगत्तीहून परतीचे विमान त्या दिवशी आलेच नाही आणि आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. त्याच दिवशी पुढे चेन्नईचे आणि तिथून पोर्ट ब्लेअरचे तिकीट काढलेले असते तर तीही गेली असती. म्हणून तुमच्या विद्यार्थिनीला मी सांगेन की तिचा प्रवास दीड दिवसाचा आहे. त्यातले पाच तास ती हवेत असेल.

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि तो आधी काढावा लागतो. पोर्ट ब्लेअरसाठी तसा परवाना लागत नाही. उलट दिशेने, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून अगत्तीला येणाऱ्याने हे विसरू नये.

खानापूरची शिक्षिका (विटा, जि. सांगली)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. निवृत्त वायुसैनिक सरांची आकडेमोड आज मी फळ्यावर करून घेतली. कोसाइनने गुणण्याचे कारण मुलांना समजावे म्हणून एका संत्र्याच्या फोडी वेगळ्या न करता वरून दाखवल्या. टोकाकडे फोडी कशा निमुळत्या होतात हे पाहिल्यावर अधिक बोलावे लागले नाही. कोचीच्या दादांचे उत्तर त्या मुलीने स्वतः वर्गात मोठ्याने वाचून दाखवले आणि खिडकीतून पाणी दिसल्याची गोष्ट तिने ओळखली.

एक शंका मात्र शिल्लक आहे. ८२ मिनिटांचे उत्तर काढणारा मुलगा विचारतो की विमानाच्या वेळेत ती मिनिटे मिळवायची नसतील तर ती जातात कुठे? दोन बेटांवरच्या सूर्योदयात खरोखरच तेवढा फरक आहे की नाही? त्याला मी भारतीय प्रमाणवेळेचा दाखला दिला, पण त्याचे पुरते समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

निरंजन सातारकर (सातारा)

बाई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. त्याने काढलेली ८२ मिनिटे खरी आहेत. ती सूर्याची मिनिटे आहेत आणि त्याने ती घड्याळात शोधली, एवढेच झाले.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व या रेखावृत्तावरून ठरते, जे मिर्झापूरजवळून जाते. आता एक सुंदर योगायोग पाहा. अगत्ती या रेखावृत्ताच्या पश्चिमेला १०.३२ अंशांवर आहे आणि पोर्ट ब्लेअरचा विमानतळ पूर्वेला १०.२३ अंशांवर. म्हणजे देशाची वेळ ठरवणारी रेषा या दोन बेटांच्या जवळजवळ बरोबर मधोमध उभी आहे. दोघांनाही आपापल्या सूर्यापासून सुमारे ४१ मिनिटे दूरचे घड्याळ मिळाले आहे. पोर्ट ब्लेअरला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी ११ वाजून १९ मिनिटे झालेली असतात, आणि अगत्तीला १२ वाजून ४१ मिनिटे. विट्याला, रेखांश सुमारे ७४.५ असल्याने, हाच क्षण १२ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास येतो. मुले हे शाळेच्या पटांगणात काठी रोवून पडताळू शकतील. वर्षभरात यात सुमारे सोळा मिनिटांपर्यंत पुढेमागे होते, म्हणून एकाच दिवसाच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नये.

दोन्ही बेटांवर घड्याळ एकच असल्यामुळे सकाळी ८ ला निघून ३ तास १२ मिनिटांनी पोहोचणारा प्रवासी, कोणत्याही दिशेने गेला तरी, ११ वाजून १२ मिनिटांनीच पोहोचेल. पण दुपारी २ ला अगत्तीहून निघालेला, ५ वाजून १२ मिनिटांनी पोहोचेल तेव्हा काय दिसेल? डिसेंबरच्या मध्यावर पोर्ट ब्लेअरला सूर्य ५ च्या सुमारास मावळतो आणि अगत्तीला सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. तो तिथे उतरेल तेव्हा संधिप्रकाश असेल आणि त्याच क्षणी अगत्तीला अजून तासाभराहून अधिक ऊन शिल्लक असेल. त्या मुलाची ८२ मिनिटे इथे गेली. ती त्याच्या दिवसाच्या उजेडातून वजा झाली, तिकिटावरच्या वेळेतून नाही.

त्याची मूळ रीत जिथे खरोखर लागू पडते असेही एक बेटांचेच उदाहरण सांगतो. पॅसिफिक महासागरात सामोआ हा देश आणि अमेरिकेच्या ताब्यातील अमेरिकन सामोआ हे शेजारी आहेत. सामोआचा फालेओलो विमानतळ आणि अमेरिकन सामोआतील पागो पागो यांच्यात दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, म्हणजे पाऊण तासाच्या आतबाहेरचा प्रवास. सामोआने २०११ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली आणि त्यासाठी ३० डिसेंबर हा दिवस आपल्या दिनदर्शिकेतून पूर्ण वगळला. त्यामुळे आज या दोन बेटांच्या घड्याळांत २४ तासांचा फरक आहे. फालेओलोहून सोमवारी सकाळी निघालेला प्रवासी पागो पागोला रविवारी सकाळी उतरतो. इथे उड्डाणाचा वेळ काढून मग घड्याळातला फरक मिळवावा किंवा वजा करावाच लागतो. मात्र सूर्य दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी उगवतो, कारण रेखांशांत फरक केवळ सव्वा अंशाचा, म्हणजे पाच-सहा मिनिटांचा आहे. अगत्ती आणि पोर्ट ब्लेअरला घड्याळ एक आणि सूर्य वेगळा. सामोआत सूर्य एक आणि घड्याळ वेगळे. ही दोन उदाहरणे एकापुढे एक ठेवली तर उड्डाणाचा वेळ, घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला नक्की उमगेल.

कृष्णाकाठ (सांगली)

सातारकर सरांच्या उत्तरात आमच्या गावाचा एक धागा जोडावासा वाटतो. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये दीर्घ शिक्षा भोगलेले बाबाराव सावरकर १९४५ साली सांगलीतच निवर्तले. त्या काळी अंदमानला जायचे म्हणजे जहाजच; आजही चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जहाजाने सुमारे साठ तास लागतात आणि विमानाने सव्वादोन. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर मुलांनी जहाजाच्या वेगानेही भागून पाहावे. १,३७० ला ६० ने भागले तर ताशी तेवीस किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे आपल्या घाटरस्त्यावरच्या भरलेल्या ऊसगाडीएवढा वेग.

खानापूरची शिक्षिका (विटा, जि. सांगली)

आज शाळेत पृथ्वीगोलावर दोरा लावून पाहिला, त्याची नोंद इथे ठेवते. आमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे त्यावरचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरचा. सहा गटांनी अगत्ती ते पोर्ट ब्लेअर दोरा ताणून मोजला. दोन गटांना ५.२, तीन गटांना ५.३ आणि एका गटाला ५.४ सेंटिमीटर मिळाले. ५.३ ला ४२५ ने गुणल्यावर २,२५३ किलोमीटर आले, पहिल्या संकेतस्थळाच्या आकड्यापेक्षा दहा किलोमीटर जास्त. एक मिलिमीटर चुकला की ४२ किलोमीटर चुकतात हे मुलांनीच काढले, तेव्हा दहाचा फरक त्यांना खटकला नाही.

त्या मुलीने वहीत उत्तर लिहिले ते असे : अंतर २,२४३ किलोमीटर, सरळ विमान नाही, बंगळुरूमार्गे २,३०० किलोमीटरच्या आत, एक मुक्काम. नौदलातील भावाला तिच्या वर्गमित्राने हे फोनवर वाचून दाखवले. ८२ मिनिटांच्या मुलाने शनिवारी पटांगणात काठी रोवली आहे आणि रोज दुपारी बारा ते एक या वेळात तो सावलीच्या टोकाला खडे ठेवत आहे. त्याची महिन्याभराची नोंद पूर्ण झाली की मी इथे देईन.